ब्राउझरला आधीच येतं ते

"मॅडम, पान जरा हलतं-डुलतं करा ना." ठाण्यात छोट्या धंद्यांच्या वेबसाइट बांधून पोट भरणाऱ्या माणसाला हे वाक्य इतक्या वेळा ऐकावं लागतं, की हल्ली समोरच्याचा चेहरा बघूनच ते येणार हे कळतं. नौपाड्यातले क्लासचे सर म्हणतात, राम मारुती रोडचे साडीवाले म्हणतात, घोडबंदरला नवा दवाखाना टाकलेल्या दातांच्या डॉक्टरही म्हणतात. त्यांचं अगदीच चुकतं असंही नाही. पैसे मोजलेत तर काम डोळ्यांना दिसायला हवं. भिंतीचा रंग येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतो, गच्चीचं वॉटरप्रूफिंग कुणालाच दिसत नाही. ठाण्याच्या पावसात त्यातलं काय कामाला येतं ते जुलैत कळतं.

वेबपानाच्या या न दिसणाऱ्या कामाबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. गंमत अशी की त्यातलं बरंचसं काम नवीन काही करण्याचं नाहीच. ब्राउझरला गेल्या तीसेक वर्षांत पुष्कळ काही शिकवून झालंय. मजकूर रुंदीप्रमाणे वळवणं, फॉर्म भरून देणं, बटणावर कीबोर्डने जाणं, आलेलं तेवढं दाखवून बाकीच्याची वाट बघणं, हे सगळं त्याला येतं. आपण ते त्याच्या हातून काढून घेतो, स्वतः अर्धवट करतो, आणि मग पान जड का झालं, फोनवर का फुटलं म्हणून रात्री जागतो.

वेबवरचं पहिलं पान सगळ्यांसाठी खुलं झालं ते १९९१ मध्ये. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी केलेलं. सर्नने २०१३ मध्ये ते त्याच्या मूळ पत्त्यावर पुन्हा लावून ठेवलं. फोनवर उघडून बघा, क्षणात येतं. पांढऱ्यावर काळी अक्षरं आणि काही दुवे, बस्स. फक्त अक्षरं फार बारीक दिसतात, आणि त्यामागे एक कारण आहे. २००७ मध्ये पहिला आयफोन आला तेव्हा झाडून सगळी पानं कॉम्प्युटरच्या पडद्यासाठी केलेली असायची. म्हणून फोनमधल्या सफारीने असं धरून चालायचं ठरवलं, की पान ९८० पिक्सेल रुंद आहे. तेवढ्या रुंदीत मांडायचं आणि मग आक्रसून दाखवायचं. 'हे पान फोनच्या रुंदीला मांड' असं सांगणारी व्ह्यूपोर्टची मेटा-ओळ तेव्हा ॲपलनेच काढली, बाकीच्यांनी ती उचलली. १९९१ च्या पानात ती कुठून असणार?

आज पान करणाऱ्याने ती एक ओळ लिहिली की साधं एचटीएमएल, म्हणजे पानाचा मजकूर आणि सांगाडा लिहायची भाषा, फोनवर आपापलं नीट बसतं. न बसण्याची सोय मग आपण करतो. कुठल्यातरी डब्याला १२०० पिक्सेल रुंदी ठोकून देतो, फोटोला कमाल रुंदी १०० टक्के असं सांगत नाही, आणि वर त्या मेटा-ओळीतच 'वापरणाऱ्याला झूम करू देऊ नको' असं लिहून ठेवतो. हे शेवटचं तर मला चीड आणतं. आपलं डिझाइन हलू नये म्हणून साठीच्या माणसाला अक्षर मोठं करू द्यायचं नाही? आयफोनने पुढे ही मनाई जुमानणंच सोडून दिलं, ते बरं झालं.

वेबच्या तीन भाषांचे स्वभाव एकदा ओळखून घेतले की अर्धी कामं सोपी होतात. एचटीएमएल चुका पोटात घालतं. एखादा टॅग, म्हणजे मजकुराच्या तुकड्याला लावलेली खूण, बंद करायचा राहिला तरी ब्राउझर अंदाजाने पुढे जातो. सीएसएस पानाचं रंगरूप ठरवतं; त्याला न कळलेली ओळ ते मुकाट्याने सोडून देतं आणि पुढची वाचतं. त्यामुळे नवी सोय बिनधास्त लिहावी. जुन्या फोनला ती कळली नाही तर त्याच्यापुरती ती नाही, पण पान उभं राहतं. पानाला हलतं-बोलतं करणाऱ्या जावास्क्रिप्टचं तसं नाही. तिथे एक चूक झाली की ती फाइल तिथेच थांबते, आणि तिच्यावर टांगलेलं सगळं तिच्यासोबत. म्हणून पानाचा मजकूर एचटीएमएलमध्येच असावा, तो जावास्क्रिप्टने आणून ओतू नये, असं माझं मत आहे. मोठ्या ॲपसाठी ते चालत असेल. क्लासच्या वेळापत्रकाला कशाला?

याची परीक्षा घ्यायला ठाणेकरांना घराजवळ उत्तम जागा होती. २०२२ पर्यंत डोंबिवलीकडची जलद लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायची.  बोगदा १९१६ सालचा, सव्वा किलोमीटरहून लांब, आणि आत फोनचं नेटवर्क जायचं. माझी बहीण डोंबिवलीला असते, त्यामुळे ही परीक्षा मी दर भेटीत फुकटात उरकायचे. बोगद्याच्या तोंडाशी आपलं पान उघडायचं. सर्व्हरवरून तयार एचटीएमएल आलं असेल, तर जेवढं पोचलं तेवढं वाचता येतं. फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतात आणि त्यांत ऑल्ट मजकूर, म्हणजे फोटोचं शब्दांतलं वर्णन, लिहिलेला असेल तर तोही दिसतो. जावास्क्रिप्टवर उभं केलेलं पान असेल तर बोगदा संपेपर्यंत पांढरा पडदा, किंवा फार तर गोल फिरणारं चक्र. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क मुद्दाम हळू करून बघता येतं, तेही मी करते. पण ऑफिसच्या खुर्चीत बसून केलेली परीक्षा आणि दारात लोंबकळणाऱ्या गर्दीत चेपून केलेली परीक्षा यांत फरक पडतो. दुसरीत आपणच चिडलेले असतो, म्हणजे अगदी खऱ्या वाचकासारखे.

स्क्रिप्ट लावायचीच असेल तर तिला डिफर हा शब्द जोडावा. म्हणजे ती मजकुराची वाट अडवत नाही, सगळं एचटीएमएल वाचून झाल्यावर चालते. एका शब्दाचं काम आहे, आणि तरी मला दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक जुन्या साइटवर तो नसतो.

आता फोटो. ठाण्यातल्या वेबसाइटचं वजन बहुतेक फोटोंचंच असतं. मालक फोनने काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवतात, कारण कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं की तसं पाठवलं की क्वालिटी जात नाही. चार हजार पिक्सेल रुंद, तीन-चार एमबीचा तो फोटो फोनच्या चारशे पिक्सेलांच्या पडद्यावर दाखवायचा असतो. बाराशे पिक्सेलांवर आणून वेबपी किंवा एव्हिफ या हलक्या फोटो-प्रकारांत ठेवला तर शे-दीडशे केबीत बसतो आणि साडीचा काठ तेवढाच स्वच्छ दिसतो. तुलनेला सांगते, तुम्ही वाचताय तो हा अख्खा लेख पन्नासेक केबीच्या आतबाहेर असेल, तेही देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट खातं हे धरून. सर्व्हरने दाबून पाठवला की त्याहून कितीतरी कमी. मजकूर स्वस्त आहे, हे गिऱ्हाइकांना पटवायला मला फार वेळ लागतो.

फोटोच्या टॅगमध्ये रुंदी आणि उंची दोन्ही आकड्यांत लिहावी. लोकांना वाटतं सीएसएसने आकार ठरतोच, मग हे कशाला? तर ब्राउझर त्या दोन आकड्यांवरून प्रमाण काढतो आणि फोटो यायच्या आधीच तेवढी जागा राखून ठेवतो. नाहीतर काय होतं ते सगळ्यांनी भोगलंय. 'अपॉइंटमेंट घ्या'वर बोट टेकणार, तेवढ्यात वरचा फोटो उतरतो, सगळं खाली सरकतं आणि बोट पडतं भलत्याच ठिकाणी. गूगलच्या मोजमापात या सरकण्याला आकडा आहे, तो ०.१ च्या आत हवा. पानावरचा सर्वांत मोठा भाग अडीच सेकंदांत दिसावा, आणि टॅप केल्यावर २०० मिलिसेकंदांत काहीतरी हललेलं दिसावं, अशी त्याची दोन भावंडं. यातलं शेवटचं माप मार्च २०२४ पासून आलं. खालचे फोटो वाचक तिथवर पोचल्यावरच उतरावेत म्हणून त्यांना लेझी हा शब्द लावावा, पण सर्वांत वरच्या मोठ्या फोटोला तो मुळीच लावू नये. त्याला थांबवलं की अडीच सेकंदांचं माप हमखास घसरतं.

हलत्या-डुलत्या स्लायडरबद्दल मी भांडत बसत नाही. मी मालकांच्या हातात त्यांचाच फोन देते आणि म्हणते, "काका, तुमच्या वेबसाइटवरून तुमच्याच दुकानाला फोन लावून दाखवा." जुनी साइट असेल तर पहिल्यांदा तीन बॅनर एकामागून एक सरकतात. मग मेनूतल्या तीन रेघा शोधायच्या, 'कॉन्टॅक्ट अस' उघडायचं, आणि तिथला नंबर चित्रात! दाबून लागत नाही, कॉपी होत नाही. काका चष्मा कपाळावर चढवतात आणि नंबर तोंडाने म्हणत डायल करायला लागतात. एवढ्यावर स्लायडर गेलेला असतो. नंबर टेल-लिंकमध्ये, म्हणजे दाबताच फोन लागेल अशा दुव्यात ठेवायचा, पत्ता मजकुरात लिहायचा, दुकान कधी बंद ते पहिल्या पडद्यावर सांगायचं. पत्त्याखाली अख्खा नकाशा जडवण्याऐवजी नकाशाचा साधा दुवा द्यावा. जडवलेला नकाशा स्वतःबरोबर भरपूर जावास्क्रिप्ट घेऊन येतो, आणि माणसाला शेवटी जायचं असतं नकाशाच्या ॲपमध्येच.

रंगांचंही बाहेर जाऊन बघावं. डिझाइनरच्या पडद्यावर फिकट करडी अक्षरं फार सभ्य दिसतात. तीच दुपारी दोन वाजता ठाणे स्टेशनच्या उघड्या टोकाला, उन्हात बघा. सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत, म्हणजे डब्ल्यूसीएजीमध्ये, साध्या आकाराच्या अक्षरासाठी ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट मागितला आहे. पांढऱ्यावरचा ७७७७७७ या कोडचा करडा रंग ४.४८ भरतो, म्हणजे नापास. ७६७६७६ हा ४.५४, पास. डोळ्याला या दोघांत काडीचा फरक दिसत नाही, म्हणून मोजावंच लागतं. मोजणारी सोय ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्येच आहे. टॅप करायच्या जागेला याच मार्गदर्शिकेची २०२३ ची आवृत्ती किमान २४ पिक्सेल म्हणते. मी ४४ च्या खाली जात नाही. ऐरोलीच्या गाडीत माणसाचा एक हात वरच्या कडीला असतो, उरलेल्या हाताचा अंगठा काय काय करणार?

हे सगळं कुठल्याही भाषेतल्या पानाला लागू आहे. मराठी पानाची दुखणी वेगळी, आणि तिथे ब्राउझरला मराठी येत असूनही आपण त्याला सांगत नाही, हे मूळ.

तयार टेम्प्लेट घेतलं की त्याच्या पहिल्याच ओळीत पानाची भाषा इंग्रजी लिहिलेली असते. मजकूर मराठी भरला तरी ते कुणी बदलत नाही. तिथे लँगपुढे एम आणि आर ही दोन अक्षरं टाकायची, एवढंच काम. परिणाम मात्र दूरवर जातात. दृष्टिहीन माणसाला पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर कुठला आवाज लावायचा ते यावरून ठरवतो. इंग्रजी आवाज मराठी अक्षरं एकतर गाळतो, नाहीतर त्यांचा खिमा करतो. शिवाय ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाची सोय केलेली असते, तो ही खूण बघून ल आणि श आपल्या वळणाचे दाखवतो. खूण नसली तर हिंदी वळणाचे. गिऱ्हाईक म्हणतं, "अक्षर जरा परकं वाटतंय हो," आणि फॉन्ट बदलायला सांगतं. फॉन्ट बरोबर असतो. त्याला भाषा कुणी सांगितलेली नसते.

टेम्प्लेट रोमन लिपीसाठी केलेलं असतं, म्हणून शीर्षकाच्या ओळीची उंची १.१ किंवा १.२ असते. रोमन अक्षराला ती पुरते. आपल्याकडे वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, शिवाय जोडाक्षरांचे मजले. 'वधूची साडी' असं दोन ओळींत आलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो, आणि डब्याला ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे 'बाहेर येईल ते काप' असं सांगितलेलं असेल तर वेलांटीचं डोकंच उडतं. मजकुराला १.७ आणि शीर्षकाला १.४ च्या आसपास ठेवावं. त्याच आकड्याचा देवनागरी फॉन्ट रोमनपेक्षा लहान भासतो, म्हणून १६ ऐवजी १८ पिक्सेल. अक्षरांमधलं अंतर वाढवणारी लेटर-स्पेसिंगची ओळ तर शोधून काढून टाकावी, कारण तिच्यामुळे शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे रांगेत उभे केल्यासारखे दिसतात. तिरपं अक्षर मराठीत मुळात शोभत नाही, आणि फॉन्टमध्ये तिरपं वळण नसलं तर ब्राउझर सरळ अक्षरालाच धरून कलतं करतो. जोर द्यायचा तर ठळक करा, तेही फॉन्टचं खरं ठळक वजन उतरवून.

फॉन्ट उतरवायचाच का, हाही प्रश्न विचारून बघावा. अँड्रॉइड फोनमध्ये नोटो फॉन्टचं देवनागरी असतंच. फॉन्टची फाइल जोडाक्षरांमुळे जड होते, आणि ती येईपर्यंत काही ब्राउझर मजकूर लपवून ठेवतात. मुंबईच्याच एक टाइपने केलेल्या मुक्तासारखा सुंदर, मोफत फॉन्ट वापरायचा मोह मलाही होतो आणि मी वापरतेही. पण दोनच वजनं घेऊन, आणि फॉन्ट-डिस्प्लेला स्वॅप सांगून, म्हणजे तोवर घरचं अक्षर दिसत राहतं.

ठाण्यातल्या एका वाचनालयाच्या पुस्तकयादीचं काम मी केलं, त्यात मराठीने सगळ्यांत जास्त घाम काढला. यादी वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या माणसांनी टाइप केलेली. काही भाग युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांचा सामाईक अक्षर-तक्ता, येण्याआधीच्या फॉन्टमधला, कॉपी केला की रोमन अक्षरांचा चिवडा. तो रूपांतरित करून घेतला, त्याचं विशेष नाही. खरी मजा पुढे. शोधाच्या चौकटीत 'कादंबऱ्या' टाकलं तर निम्मी पुस्तकं येत होती. उरलेल्या निम्म्यांतही डोळ्यांना अगदी तोच शब्द दिसत होता. पण अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एक म्हणजे ऱ हे वेगळं अक्षर घेऊन त्याला हलंत जोडायचा. दुसरा म्हणजे साध्या र ला हलंत आणि त्यापुढे झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. तीच गोष्ट ॲ ची. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. त्याआधी, आणि कित्येक कीबोर्डवर त्यानंतरही, लोक अ वर चंद्र देऊन काम भागवत. म्हणजे 'ॲ'ने सुरू होणारं नाव दोन प्रकारे साठवलेलं. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरणही या दोघांना एक करत नाही.

उपाय साधा आहे. मूळ नावाला हात लावायचा नाही. शेजारी एक शोधरूप ठेवायचं, त्यात ऱ चा र करायचा, न दिसणारं जोडचिन्ह काढून टाकायचं, अ-चंद्र आणि ॲ एकच करायचं, ह्रस्व-दीर्घ वेलांट्या-उकार सपाट करायचे. वाचकाने टाइप केलेल्या शब्दालाही हेच संस्कार करायचे आणि मग दोन्ही ताडून बघायचे. शुद्धलेखनाचे कैवारी नाराज होतील, पण 'पुस्तिका' की 'पूस्तिका' यावरून कुणाला पुस्तक नाकारायचं नसतं. अकारविल्हे लावतानाही ब्राउझरवर सोपवावं. नुसत्या कोड-क्रमाने लावलं तर ॲ ने सुरू होणारी पुस्तकं थेट ह च्याही खाली, यादीच्या तळाला जातात, कारण युनिकोडच्या तक्त्यात हे अक्षर उशिरा येऊन मागे बसलंय. जावास्क्रिप्टमधल्या इंटल कोलेटर या क्रम लावणाऱ्या सोयीला भाषा मराठी सांगितली, की ती वर स्वरांमध्ये येतात.

अक्षरं मोजण्याच्या भानगडीत तर पडूच नये. 'क्षत्रिय' आपल्याला तीन अक्षरी वाटतो, जावास्क्रिप्ट त्याची लांबी आठ सांगतं. बातमीचं शीर्षक चाळीस अक्षरांवर कापा म्हटलं, की कुठेतरी पाय मोडलेला क् एकटा लोंबकळतो. कापायचं काम सीएसएसवर सोडावं. जागा संपली की तीन टिंबं द्यायला त्याला येतं, आणि ते जोडाक्षर फोडत नाही.

फॉर्मबद्दल बोलायला लागले तर थांबणार नाही, म्हणून मला सगळ्यांत खुपतं तेवढंच. फोन नंबरच्या चौकटीला प्रकार टेल द्या, डायल करायचा कीपॅड वर येतो. पिनकोड, ओटीपी अशा आकडी चौकटींना इनपुटमोड न्यूमरिक. ओटीपीच्या चौकटीला ऑटोकम्प्लीटमध्ये वन-टाइम-कोड लिहिलं, की फोन मेसेजमधला आकडा स्वतः सुचवतो. सहा आकड्यांच्या सहा वेगळ्या चौकटी करायच्या फॅशनने नेमकी हीच सोय मोडते. चौकटीतलं अक्षर १६ पिक्सेलांपेक्षा लहान ठेवलं तर आयफोन तिथे टॅप करताच पान मोठं करतो, आणि मग लोक म्हणतात, साइट उडी मारते. नाव एकाच चौकटीत, 'पूर्ण नाव' म्हणून घ्यावं. आपल्याकडे स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव असा क्रम. काहींना मधलं लिहायचं नसतं, काहींना आडनावच नसतं. 'मधले नाव आवश्यक आहे' ही लाल ओळ कुणाला दाखवायची आणि का?

आणि मराठी आकडे. वाचनालयाचे बरेच ज्येष्ठ सभासद फोनवर मराठी कीबोर्ड ठेवतात, त्यामुळे नंबर ९८ ने सुरू होतो तो देवनागरी ९ आणि ८ ने. जावास्क्रिप्टला ते आकडेच वाटत नाहीत; 'योग्य क्रमांक टाका' म्हणून ते आजोबांना परत पाठवतं.  आपल्या बाजूला दहा आकडे बदलून घेणारी एक ओळ लिहिली की झालं. ज्याने योग्यच क्रमांक टाकलाय त्याला तो अयोग्य आहे असं सांगणं मला असभ्यपणाचं वाटतं.

बटण हवं तर बटणाचाच टॅग वापरावा. डिव्हला, म्हणजे साध्या डब्याच्या टॅगला, रंग लावून त्यावर क्लिक बसवलं तर दिसतं बटणच, पण टॅबने तिथे जाता येत नाही, एंटर चालत नाही, स्क्रीन रीडरला ते बटण आहे हेच कळत नाही. मग हे सगळं परत हाताने जोडत बसायचं. प्रश्नोत्तरांच्या उघडझापीला डिटेल्स आणि समरी आहेत, वर येणाऱ्या खिडकीला डायलॉग आहे. दोन्हींना बाहेरची लायब्ररी लागत नाही. साड्यांच्या कार्डांना २०१७ मध्ये सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आलेलं ग्रिड, म्हणजे रकाने मांडायची सीएसएसची सोय, पुरतं. किमान रुंदी १६ रेम (हे माप पानाच्या अक्षराच्या आकारावर ठरतं), बाकी जेवढे मावतील तेवढे रकाने, असं एका ओळीत सांगितलं की फोनवर एक, टॅबवर दोन-तीन, कॉम्प्युटरवर चार आपसूक होतात. उंची १०० व्हीएच, म्हणजे पूर्ण पडद्याएवढी, दिली की फोनच्या पत्त्याच्या पट्टीखाली तळाचं बटण जातं, तिथे पट्टी धरून मोजणारं डीव्हीएच वापरायचं. वर चिकटलेल्या पट्टीमागे शीर्षक लपत असेल तर त्याच्या वर जागा सोडणारं स्क्रोल-मार्जिन. ज्यांनी फोनमध्ये हालचाल कमी करून ठेवलीय त्यांच्यासाठी ॲनिमेशन बंद ठेवायची सोय सीएसएसमध्येच आहे; हलत्या-डुलत्या मागणीला मान तुकवलीच, तर तेवढं तरी करावं.

शेवटी छपाई, जिची आठवण कुणालाच राहत नाही. वर्तकनगरकडच्या एका सोसायटीच्या साइटवर नोटिसा टाकायची सोय आहे. तिथल्या सेक्रेटरी काकूंचा फोन आला, की नोटीस छापली तर चार पानं येतात, पहिल्यावर मेनू आणि चौथ्यावर नुसता कॉपीराइट. ऑनलाइन सगळ्यांना जाते हो, पण लिफ्टशेजारच्या बोर्डावर लागल्याशिवाय ती लागली असं कुणी मानत नाही. त्यांचं अगदी बरोबर होतं. सीएसएसमध्ये छापण्यापुरत्या वेगळ्या सूचना देता येतात. मेनू, तळपट्टी, बटणं लपवली. थकबाकीचा तक्ता ओळीच्या मधोमध तुटू नये असं सांगितलं. दुव्यापुढे त्याचा पत्ता छापून यायला लावला, कारण कागदावर कुणी टॅप करत नाही. नोटीस एका ए-फोर पानात बसली. मग काकूंनी विचारलं, टाचणीसाठी वर थोडी जागा सोडता येईल का? पानाच्या समासात वर तीन सेंटिमीटर लिहिले. झालं.